परसदारची बाई

सीतालक्ष्मीने परसदाराची कडी लावली आणि ती वळते न वळते तोच अंबाक्कांनी हातातले निरांजन खाली ठेवून कडी पुन्हा काढली. दाराच्या दोन्ही फळ्या त्यांनी भिंतीला टेकेपर्यंत मागे ढकलल्या आणि पदराला हात पुसले.

“दिवा लावतांना मागचें दार लावतात कीं, अंबाक्का,” सीतालक्ष्मी म्हणाली. “पुढून आलेली लक्ष्मी मागून जाऊं नये म्हणून. आमच्या घरीं आई तरी लावते.”

“तुमच्या घरीं लावत असतील. ह्या घरीं लावत नाहींत.”

“पण परसांत कोण उभी आहे, बघा.”

अंबाक्कांनी पाहिले. विहीर होती, धुण्याचा दगड होता, केळी होत्या, आणि केळींच्या अलीकडे ती बाई होती. विटके लाल लुगडे, मोकळे हात. तिच्या नाकातली चमकी दिसण्याइतका उजेड अजून उरला होता. अंबाक्कांची नजर विहिरीवर थांबली, धुण्याच्या दगडावर थांबली, आणि बाईच्या जागी मुळीच न थांबता केळींवर गेली.

“कोण नाहीं तिथें,” त्या म्हणाल्या. “सर बाजूला, दिव्याला वारा लागतो.”

सीतालक्ष्मी बाजूला झाली. तिने पुन्हा परसात पाहिले तेव्हा बाई तिथेच होती आणि घराच्या आत, कोणाला तरी शोधत असल्यासारखी, मान वाकवून पाहत होती.

आपण भित्री नाही, असे सीतालक्ष्मीचे स्वतःविषयी मत होते. मद्रासेत वाढलेली, इंग्रजी घेऊन बी. ए. ऑनर्स झालेली मुलगी. घरात तंजावरी मराठी बोलायची, बाहेर तमिळ, आणि मनाशी बोलायचे झाले तर इंग्रजी. तिच्या प्रोफेसरांनी तिला एक निबंध लिहायला सांगितला होता: जुन्या इंग्रजी भयकादंबऱ्यांतल्या शिक्षिका नायिका आणि त्यांच्या गोष्टींतली उत्कंठा. निबंधाला निवांतपणा हवा, म्हणून कुंभकोणमची ही नोकरी तिने आनंदाने धरली. पितळेच्या भांड्यांचे मोठे व्यापारी सेतुरामराव, बायको वारलेली, घर चालवणारी थोरली बहीण अंबाबाई, आणि आठ वर्षांची एकुलती लेक गोदा, जिला शाळेत घालायचे नव्हते. मोठे घर, विधुर यजमान, आईवेगळी मुलगी आणि परगावची पगारी शिक्षिका. ट्रंक उतरवून घेताना तिला हसूच आले होते.

आता हसू येत नव्हते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण ब्रह्मराक्षस निदान सगळ्यांना घाबरवतो. ही बाई तिला एकटीलाच दिसत होती.

आणि बाईचे सोडाच, ह्या घरात त्या पोरीचे काय चालले होते ते तरी कुठे धड होते? सेतुरामरावांच्या दुकानात अख्ख्या गावच्या लग्नांना पुरतील एवढ्या समया रचलेल्या. पण गोदाच्या अंगावर जाड्याभरड्या सुताचा ठिगळाचा परकर. गळ्यात काही नाही, कानात कडुनिंबाची काडी. तिला कोणी नावाने हाक मारत नसे. “ए पोरी” म्हणत. तिने पाढे न चुकता म्हणून दाखवले तर अंबाक्का म्हणत, “मोठें काय तें.” बाप समोरून जाताना तिच्याकडे सरळ पाहत नसे. एकदा ती झोपाळ्यावरून पडली, गुडघा फुटला, तर ते खांबाला धरून उभे राहिले. पुढे आले नाहीत. सीतालक्ष्मीने तिला उचलले तेव्हा ते खांब धरलेल्या हाताची बोटे मोडत होते.

सीतालक्ष्मीचा त्या पोरीवर जीव जडला होता. शांत, हुशार, मान वाकडी करून ऐकणारी पोर. ती जेवताना आपल्या पानातला पापड मोडून अर्धा टीचरच्या पानाकडे सरकवी आणि काही झाले नाही अशा चेहऱ्याने भात कालवी. हिला ह्या घरात काही होऊ द्यायचे नाही, असे सीतालक्ष्मीने ठरवून टाकले होते. नक्की कशापासून वाचवायचे, एवढेच कळत नव्हते.

तिच्या निबंधात दोन नायिका होत्या. दोघी गरीब, दोघी परक्याच्या घरी मूल शिकवायला आलेल्या. ना पाहुणी, ना मोलकरीण. पहिलीला बंद दालनातून पावले ऐकू येतात. घरचे म्हणतात, उंदीर आहेत. दुसरीला गवताच्या गंजीमागे एक बाई दिसते. घरचे म्हणतात, तिथे कोणी नाही. पहिलीचे खरे निघते. दालनात खरोखर माणूस कोंडलेला असतो आणि तिच्यामुळे मूल वाचते. दुसरीचे खरे की खोटे ते लेखक शेवटपर्यंत सांगतच नाही. पण ती मुलाला वाचवायचे म्हणून बर्फात घेऊन पळत सुटते आणि मूल गारठून मरते. सीतालक्ष्मीने लिहिले होते की शेवटचे प्रकरण फाडून टाकले तर दोघींत काडीचा फरक उरत नाही. दोघी सारख्याच घाबरतात आणि सारख्याच धीराने मेणबत्ती घेऊन जिना चढतात. हे वाक्य तिला फार आवडले होते. आता ती स्वतःच शेवटच्या प्रकरणाच्या अलीकडे उभी होती, आणि आपण पहिली की दुसरी ते कळायला काही मार्ग नव्हता.

तिने गोदालाच विचारले. मुलीला असे काही विचारू नये हे तिला ठाऊक होते. दुसरी नायिका नेमके तेच करते, असे तिने निबंधात ठणकावून लिहिले होते. तरी विचारले.

“परसांत बाई येते, ती तुला दिसते?”

गोदाने पाटीवरची बेरीज पुसून टाकली.

“कोण आहे ती?”

“बोलायचें नसतें, टीचर.”

“ती तुला कांहीं करते?”

“नाहीं.” गोदाने पेन्सिल पाटीच्या चौकटीत नीट बसवली. मग खालच्या आवाजात, जणू पाढा म्हणावा तशी, ती म्हणाली, “मी तिची आहें.”

देवघराच्या बाहेर गोदाच्या आईचा, मीनाक्षीबाईंचा, फोटो होता. सीतालक्ष्मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. गोरा, रुंद, शांत चेहरा. परसातल्या बाईशी त्याचे काही साम्य नव्हते, आणि ह्याने धीर यावा की भीती वाढावी तेही तिला समजेना.

सेतुरामरावांना ती सकाळी ओट्यावर गाठून बोलली. ते पेपर वाचत होते. तिने बाईचे सगळे सांगितले. ती हल्ली रोज येते, पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभी राहते, हेही सांगितले. पेपर खाली आला नाही, पण तो हलायला लागला.

“आम्हीं कोणाला बघितलें नाहीं,” ते म्हणाले. “तुम्हींही बघूं नका.”

त्यांना काहीच दिसले नसते तर तुम्ही बघू नका असे ते म्हणाले नसते, एवढे तर्कशास्त्र तिला येत होते. घरचे खोटे बोलत होते. म्हणजे आपण पहिली, असे तिने ठरवले, आणि त्या दिवशी तिला बऱ्याच दिवसांनी नीट जेवण गेले.

एकादशीला गोविंदपुरम्‌ला भजन होते. भाऊ-बहीण दुपारीच बैलगाडीने गेले, दिवेलागणीपर्यंत येतो म्हणून. सीतालक्ष्मीने परसदार लावले, कडी घातली, आणि गोदाला पुढच्या सोप्यावर घेऊन बसली. ऊन उतरले. ती दिवाणखान्यात कंदिलाची काच पुसायला उठली असेल-नसेल, तेवढ्यात आतून कडी पडल्याचा आवाज आला.

ती धावली. दार उघडे होते. गोदा उंबऱ्याबाहेर पायरीवर होती आणि ती बाई, हाडामांसाची, घामाचा वास येणारी बाई, तिच्या डोक्यावर हात ठेवून उभी होती. बाईच्या दुसऱ्या हातात पोरीचे मनगट होते. पोर पुढे झाली, एक पायरी खाली उतरली.

सीतालक्ष्मीने गोदाला दंडाला धरून मागे ओढले आणि तमिळमधून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, ती ओरडली.

“सोड तिला. ही ह्या घरची मुलगी आहे. सेतुरामरावांची मुलगी. तुझी कोणी नाही.”

बाईच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरे झाले असते. तिथे भीती होती. तिने दोन्ही हात कानांवर ठेवले, मागे मागे सरत केळींपाशी गेली आणि मागच्या गल्लीत उतरून दिसेनाशी झाली. सीतालक्ष्मीने गोदाला जवळ घेतले तेव्हा ती टीचरच्या हाताखालून सुटायला पाहत होती.

मागे घरातल्या बोळात अंबाक्का उभ्या होत्या. हातात प्रसादाचा द्रोण.

“किती मोठ्यानें बोललीस?” त्यांनी विचारले.

“अंबाक्का, ती बाई पोरीला नेत होती. तुम्हीं तर म्हणत होतां कोणच नाहीं.”

“किती मोठ्यानें?”

त्यांच्या मागून सेतुरामराव आले. ते खांबाशी बसले.

“माझें नांव घेतलें?” ते म्हणाले. “माझी म्हणून सांगितलें?”

कोणी तिला रागावले नाही. त्यानेच तिच्या तोंडचे पाणी पळाले.

सकाळी गोदाला ताप होता. दुपारपर्यंत तो इतका चढला की पोर डोळे उघडीना. डॉक्टर आले, फ्लू आहे, अर्ध्या गावात आहे, मद्रासेत तर घरटी एक आजारी आहे, असे म्हणाले आणि लाल औषध देऊन गेले. डॉक्टर खरेच सांगत होते, आणि त्याचा त्या घरात कोणाला उपयोग नव्हता. सेतुरामराव दुकानात गेले नाहीत. ते मुलीच्या खोलीच्या दाराशी येत आणि आत पाऊल न टाकता परत जात. अंबाक्का थंड पाण्याच्या पट्ट्या बदलत, पण पोरीचे नाव अजून घेत नव्हत्या. सीतालक्ष्मीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. तिच्या निबंधातल्या दोघीही घरच्या माणसांना खूप प्रश्न विचारतात. तुम्हाला कशाची भीती वाटते, असे मात्र दोघींपैकी एकीनेही विचारलेले नाही, हे तिच्या तेव्हा ध्यानात आले.

“अंबाक्का,” ती म्हणाली, “मीं काय केलें?”

“ह्या छपराखालीं नक्को. चल.”

त्या तिला महामखम् तळ्यावर घेऊन गेल्या. पायऱ्यांवर धुणी चालली होती. अंबाक्का पाण्याकडे तोंड करून बसल्या आणि गोष्ट सांगावी तसे बोलू लागल्या.

“एक घर होतें. तिथें पोरें जगेनात. पहिला गेला, दुसरी गेली, तिसरा चालायला लागून गेला. मग एक पोर झाली. ती ठेवायची असली तर ती आपली नाहीं असें दाखवायला पाहिजे. म्हणून ती विकतात. जिचें एकही पोर गेलें नाहीं अशा बाईला, सुपांत घालून, मापभर कोंड्याला. मग ती पोर तिची. घरचे नुसते वाढवणारे. तिला चांगलें नेसवायचें नाहीं, नांवानें हांक मारायची नाहीं, बापानें मांडीवर घ्यायची नाहीं. विकत घेणारी बघायला आली तर अडवायचें नाहीं, बघायचें नाहीं, बोलायचें नाहीं. जो न्यायला टपलेला असतो त्यानें समजावें कीं ह्या घरांत नेण्यासारखें कांहीं नाहीं.” त्यांनी पाणी हाताने ढवळले. “आपल्यांत अस्कीं घरें, एकूण एक, हें करतात. तुझी आई मद्रासेला गेली आणि विसरली असेल. आम्हांला वाटलें तुला माहीत आहे.”

साप साप म्हणून भुई धोपटावी, असे सीतालक्ष्मीने केले असते तर निदान भुईलाच लागले असते. तिने तर मापभर कोंड्याने आठ वर्षे उभे केलेले कुंपण एका हाकेत पाडले होते.

“तिच्याकडे जातें मी,” ती म्हणाली. “पाया पडतें.”

“जा. मीं सांगितलेलें नाहीं.”

बाईचे नाव अलमेलू, हे तळ्यावर धुणे धुणाऱ्या बायकांकडून कळले. अरसलार नदीच्या बाजूला भाताची गिरणी होती, तिथे ती पाखडायचे काम करी. सीतालक्ष्मी गेली तेव्हा ती कोंड्याच्या ढिगाशी उकिडवी बसली होती आणि तिच्या पापण्यांवरही कोंडा होता. तिने सीतालक्ष्मीला ओळखले आणि सूप खाली ठेवले.

“ताप आहे ना पोरीला?” ती तमिळमध्ये म्हणाली. “कळलं मला.”

“माझी चूक झाली. मला ठाऊक नव्हतं. तुम्ही या. पूर्वीसारख्या परसात येऊन उभ्या राहा.”

“तुझ्या ओरडण्याचं काय घेऊन बसलीस. त्याच्या आधीच मोडलं होतं ते.” अलमेलूने पदराने तोंड पुसले. “माझा थोरला चैत्रात गेला. काविळीनं. माझी भरली ओटी म्हणून त्यांनी मला पोर दिली. आता माझी ओटी भरली कुठे? सांगायला म्हणून रोज जात होते. उभी राहायचे, पोर बाहेर यायची, आणि तोंडातून शब्द निघायचा नाही. त्या दिवशी तिला शेवटचं बघून सांगणारच होते.”

गिरणीचा पट्टा फटफट करत फिरत होता. सीतालक्ष्मी तिच्याशेजारी कोंड्यात बसली; साडीची फिकीर करावी असे तिला वाटले नाही.

“मग आता?”

“आता दुसरीनं घ्यायला पाहिजे.” अलमेलूने तिच्याकडे निरखून पाहिले. “तुझं मूल गेलंय?”

“मला मूलच नाही. लग्न झालेलं नाही माझं.”

“म्हणजे गेलेलं नाही. तूच घे. ही घरची म्हणून तूच ओरडलीस. माझी म्हणून तूच म्हण.”

“पण मी त्याच घरात राहते.”

“राहून कसं चालेल? घेणारीनं त्या घरचं मीठ खायचं नाही. तिथं निजायचं नाही. पोरीला हात लावायचा तो उंबऱ्याबाहेर.”

सीतालक्ष्मीचा ह्या कशावर विश्वास होता का? नव्हता. फ्लू आपल्या वेळेला उतरतो हे तिला ठाऊक होते, आणि कधी कधी उतरत नाही हेही ठाऊक होते. पण पोर जगली तरी त्या घराची झोप गेली ती गेलीच. त्या बापलेकींना उरलेले सगळे आयुष्य त्या हाकेच्या सावलीत काढावे लागणार. बोललेला शब्द मागे घ्यायचा तर तो तिलाच घ्यावा लागणार होता. आणि घेतला की उद्यापासून ती पोर तिला शिकवता येणार नव्हती, तिच्या पानाकडे अर्धा पापड सरकणार नव्हता. ती तिथे बसून रडली. अलमेलूने तिला रडू दिले, मग सुपात कोंडा घालून दिला.

तिसऱ्या प्रहरी सीतालक्ष्मी ट्रंक घेऊन पुढच्या दाराने बाहेर पडली. ट्रंक तिने शेजारच्या गल्लीत ओळखीच्या बाईंच्या ओट्यावर ठेवली, वळसा घालून मागच्या गल्लीत आली आणि कोंड्याचे सूप घेऊन परसाच्या पायरीशी उभी राहिली. अंबाक्का आल्या. त्यांनी सूप पाहिले आणि तोंडाला पदर लावला. मग आत जाऊन चादरीत गुंडाळलेली पोर त्यांनी उचलून आणली. एवढ्या म्हाताऱ्या हातांना ती कशी पेलली कोण जाणे. उंबऱ्याबाहेर ठेवून त्या म्हणाल्या,

“हें घ्या. आम्हांला नक्को आहे हें.”

आत सेतुरामराव भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते.

सीतालक्ष्मीने कोंडा उंबऱ्यावर ओतला. गोदाचे कपाळ तव्यासारखे भाजत होते. पोरीने डोळे किलकिले केले, टीचरला पाहिले आणि पुन्हा मिटले.

“माझी पोर आहे,” सीतालक्ष्मी म्हणाली. तमिळमध्ये, मग मराठीत, आणि त्या दिवसाइतक्याच मोठ्याने. “माझी. तुम्हीं वाढवा.”

“जमेल तसें बघूं,” अंबाक्का म्हणाल्या, आणि ते त्यांचे तिच्याशी शेवटचे बोलणे.

मुलींच्या शाळेत तिला जागा मिळाली. संध्याकाळी ती परसात जाऊन केळींच्या अलीकडे उभी राहू लागली. दार उघडे असे. अंबाक्का दिवा घेऊन येत, विहिरीकडे पाहत, धुण्याच्या दगडाकडे पाहत. सेतुरामराव पाय धुवायला येत आणि जात. तिच्या अंगावरून त्यांच्या नजरा अशा जात की कधी कधी तिला आपला हात आपणच चाचपून बघावासा वाटे. गोदा बाहेर येत नव्हती. ताप आहे, उतरला, की काही भलतेच, हे विचारायला तिला तोंड नव्हते. जी तिथे नाहीच, तिला उत्तर कोण देणार? इतकी भीती तिला त्या घरात राहत असताना एकदाही वाटली नव्हती. घरातून खोकल्याचा आवाज आला की ती सुटकेचा श्वास टाके, आणि आला नाही की अंधार पडला तरी तिथून हलत नसे.

एके संध्याकाळी अंबाक्का दिव्याऐवजी घागर घेऊन आल्या. त्यांनी पोहरा सोडला, पाणी वर ओढले, घागरीत ओतले. पुन्हा सोडला. मग घागरीकडे पाहत, जणू तिलाच सांगत आहेत, त्या बोलू लागल्या.

“कोणाच्या तरी पोरीचा ताप उतरला म्हणे. आज मिऱ्याचें सार आणि भात खाल्ला. भात पुरा खाल्ला. पापड अर्धा ठेवला, कोणाला ठेवला म्हटलें तर बोलत नाहीं. उद्यां बाहेर येईल म्हणे.”

घागर भरली होती. त्यांनी ती कमरेवर घेतली आणि केळींकडे न पाहता त्या आत गेल्या.